सरोदेसाहेबांचे केळवण

माणसाचे वजन उतरले की त्याचा सत्कार होतो. उतरलेले वजन जागेवर राहिले तर त्याची दखल कोणी घेत नाही. समाजाची ही रीत चुकीची आहे, असे माझे विचारपूर्वक बनलेले मत आहे. हे मत मी पुस्तकातून घेतलेले नाही. ते मला वसंतराव सरोदे या गृहस्थांमुळे प्राप्त झाले, आणि त्याची किंमत त्यांनी व त्यांच्या पत्नीने मोजली, मी नव्हे.

मी बालीगंज भागातल्या एका सरकारी कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि निवेदने लिहितो. शाळेशी माझा संबंध नववीत संपला. भाषेशी संपला नाही. वडील नोकरीसाठी कोलकात्यात आले आणि राहिले, म्हणून मीही राहिलो. मराठी, हिंदी, बंगाली आणि इंग्रजी या चारही भाषांत मला नम्र विनंती करता येते, आणि विनंती फेटाळली गेली तरी मसुद्यात दोष होता असे आजवर कोणी म्हटलेले नाही. इथल्या मराठी मंडळींपैकी बदलीवर आलेले बँकवाले, रेल्वेवाले, लष्करातले लोक घरभाड्याच्या करारापासून मुलांच्या दाखल्यापर्यंत माझ्याकडेच येतात. सरोदेसाहेबही तसेच आले.

पहिल्या भेटीत ते बसले नाहीत. गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या पायावर त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केले, कान देऊन ऐकले आणि म्हणाले, "उभाच राहतो." ते रेल्वेत डब्यांच्या देखभालीचे अधिकारी होते. उमेदवारीच्या काळात भुसावळला हातोडी घेऊन गाड्यांची चाके ठोकत हिंडलेले. चाकाला तडा असेल तर आवाज बदलतो, हे त्यांच्या कानात इतके भिनले होते की टेबल, दार, कलिंगड, नव्याने ओळख झालेल्या माणसाचा चहाचा पेला, जे समोर येईल त्यावर ते टकटक करत. खुर्चीबाबत त्यांचे निदान बरोबर असावे. सरोदेसाहेब त्या वेळी फार विस्तीर्ण गृहस्थ होते. ते समोर उभे राहिले की माझ्या टेबलावर उन्हाळ्यातही सावली येत असे.

त्यांना प्रतिज्ञापत्र हवे होते. त्यांच्या पत्नी रेखावहिनी यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला जावे लागे. सरोदेसाहेब आपले एक मूत्रपिंड देणार होते. चाचण्या जुळल्या होत्या. कायद्याला एवढेच हवे होते की ही बाई यांची लग्नाची बायको आहे आणि हे जे देत आहेत ते स्वखुशीने देत आहेत. मी रीतसर लिहिले: "कोणत्याही दबावाविना व प्रलोभनाविना." साहेबांनी वाचले आणि 'प्रलोभनाविना' या शब्दावर बोट ठेवले.

"हे खोटं आहे. प्रलोभन आहे."

मी विचारले, कसले?

"ही घरात पुन्हा हिंडताफिरताना दिसेल, याचं."

कायद्याला अशा प्रलोभनाची माहिती नसते, असे मी त्यांना समजावून सांगितले आणि शब्द तसाच ठेवला.

खरी अडचण प्रतिज्ञापत्राची नव्हती. डॉक्टरांनी अट घातली होती. ते डॉक्टर बंगाली, वयस्क आणि कमी बोलणारे होते. त्यांचे म्हणणे असे की एवढ्या वजनाच्या माणसाचे मूत्रपिंड मी काढणार नाही. मागे राहिलेल्या एकट्या मूत्रपिंडावर तेवढा भार टाकणे म्हणजे एका रुग्णाचे दोन करणे होय. वजन अमुक आकड्यापर्यंत आणा, आणि आणल्यावर सहा महिने तिथेच ठेवा. मग या.

साहेबांचा आक्षेप दुसऱ्या भागाला होता. उतरवतो, पण सहा महिने थांबायचे कशाला? तेवढ्या काळात बायकोला आणखी किती वेळा सुया टोचून घ्याव्या लागतील? आक्षेप मला न्याय्य वाटला. मी डॉक्टरांच्या नावे दीड पानाचे विनंतीपत्र तयार केले आणि त्यात 'मानवतेच्या दृष्टिकोनातून' हे शब्द दोन ठिकाणी योजले. डॉक्टरांनी ते शेवटपर्यंत वाचले, घडी करून परत दिले आणि हिंदीत म्हणाले की लिहिणाऱ्याचा हात चांगला आहे. वजन उतरवणारे पुष्कळ पाहिले, उतरलेले टिकवणारा एखादाच भेटतो, आणि मला तो एखादा हवा आहे.

सरोदेसाहेबांनी मग वजन उतरवले. ज्या पद्धतीने उतरवले तिला आहार म्हणणे धाडसाचे होईल. काकडी, उकडलेला दुधी, पातळ ताक आणि लिंबूपाणी. भुसावळचा माणूस. भरीत, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी यांवर वाढलेला पिंड. तो रोज दुपारी कचेरीत डबा उघडून दुधीच्या फोडीवर टकटक करत असे. त्या दिवसांत ते रागीट झाले. संध्याकाळी गडियाहाटच्या बाजूने परतताना मिठाईच्या दुकानासमोर ते पाच-सात मिनिटे उभे राहत, काही घेत नसत, आणि निघताना दुकानदाराला उगाचच बजावत की काचेवर माशी आहे. रेखावहिनी मला म्हणाल्या होत्या, "भावजी, हे रात्री झोपेत चावतात. काय चावतात विचारलं तर 'पुरी' म्हणतात."

पण चार महिन्यांत माणूस निम्मा झाला. शर्ट खांद्यावरून घसरू लागले. ते माझ्या खुर्चीवर टकटक न करता बसले तेव्हा मला स्वतःला अभिमान वाटला. आकडा आला होता. आता सहा महिने तिथे राहायचे होते.

आणि इथे आमचे मंडळ प्रकरणात आले.

कोलकात्यातले मराठी लोक थोडे. डमडमपासून बराकपूरपर्यंत आणि इकडे बालीगंजपर्यंत विखुरलेले. गणपती, कोजागरी आणि संक्रांत सोडली तर एकमेकांची तोंडे दिसत नाहीत, आणि त्यामुळे जेव्हा दिसतात तेव्हा त्या तोंडांत काही ना काही घातल्यावाचून कोणाला राहवत नाही. मंडळाच्या उपाध्यक्षा देवधरकाकू डमडमला राहतात. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलीवर जातो. काकू जात नाहीत. सबब मंडळ म्हणजे काकू. त्यांच्या घरून कोणी उपाशी गेल्याची नोंद नाही, आणि अर्धपोटी गेल्याचीही नाही.

काकूंनी आधी सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आणि त्यानंतर श्रीखंड-पुरी. वजन उतरवल्याबद्दल श्रीखंड-पुरी. या विसंगतीकडे सभागृहात कोणाचे लक्ष गेले नाही, माझेही गेले नाही. मी मानपत्र लिहिण्यात गुंतलो होतो. सरोदेसाहेबांनी भाषण केले. आत्मसंयम, निश्चय, मनोबल वगैरे विषयांवर ते वीस मिनिटे बोलले आणि मग पानावर बसले. चार महिन्यांनी समोर पुरी आलेली. त्यांनी तिच्यावर बोटाने टकटक केले. पुरी फुगलेली होती, तडा नव्हता.

तेवढ्यावर भागले असते. परंतु त्याच पंगतीत काकूंना सुचले की रेखावहिनींना आता नवे आयुष्य मिळणार, म्हणजे हे एका परीने दुसरे लग्नच. आणि लग्नाआधी केळवण नको का? ज्यांना रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लग्नाआधी नातलग आणि स्नेही नवऱ्यामुलाला, नवरीमुलीला आपापल्या घरी बोलावून गोडाधोडाचे जेवण घालतात, रांगोळी काढतात, ओवाळतात, त्याला केळवण म्हणतात. सूचना टाळ्यांच्या गजरात मान्य झाली. मूत्रपिंड देण्याचे केळवण करणारा समाज जगात दुसरा असेल असे वाटत नाही.

आठवड्याला दोन घरे. रेखावहिनींना तर मोजूनमापून खावे लागे: मीठ कमी, फळे बेताची, पाणी अगदीच थोडे. त्यांना कोणी आग्रह करत नसे. दोघांसाठी केलेले सगळे मग एकाच्याच पानात येई. बराकपूरला सुभेदार शिर्के राहत. लष्करातून निवृत्त झालेले, मिशीवाले, मोजके बोलणारे. त्यांनी मटण केले आणि 'जवान, पान रिकामं दिसता कामा नये' असा हुकूम सोडला. काकूंनी पुरणपोळ्या केल्या. कोणी उकडीचे मोदक, कोणी पाटिसापटा हे खोबरे भरलेले बंगाली गोड घावन शिकून घेऊन केले. नाही म्हटले की ठरलेली उत्तरे: एकाने काय होते, आज चालते, एवढे उतरवले आहे, आता तुम्हाला काय भीती.

या शेवटच्या वाक्याने घात केला. कारण साहेबांचाही त्यावर विश्वास होता. त्यांची समजूत अशी की वजन ही परीक्षा आहे. पास झालो, पुस्तके मिटली. मला ते म्हणाले होते, "सबनीस, चार महिने शरीराला दाखवून दिलं मालक कोण ते." शरीराने उत्तर द्यायला तेवढाही वेळ घेतला नाही.

सहा महिने पुरे झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभे केले. मूळचे सारे परत आले होते, वर थोडे जास्त.  डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी राखलेला दिवस दुसऱ्या रुग्णाला दिला. बाहेरच्या बाकावर रेखावहिनी बसल्या होत्या. साहेब बाहेर आले, त्यांच्याजवळ बसले, आणि दोघे बराच वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले, असे मला सुभेदारांनी सांगितले. ते सोबत गेले होते. रणांगणावरच्या गोष्टी सांगताना न अडखळणारा माणूस हे सांगताना दोनदा थांबला.

मंडळाने तातडीची बैठक बोलावून हळहळ व्यक्त करणारा ठराव संमत केला. ठराव माझ्याच हातचा होता. बैठकीत प्रत्येक घराने आपली पुरी, आपली पोळी आणि आपला मोदक कसा निर्दोष होता हे सिद्ध केले. चहाबरोबर समोसे आणि संदेशाची मिठाई होती.

यानंतर सरोदेसाहेब माझ्याकडे आले तेव्हा पुन्हा उभेच राहिले. म्हणाले, "मसुदा करा. सगळ्या सभासदांना पाठवायचा." मी कागद ओढला. त्यांनी आधी मला एक गोष्ट समजावून सांगितली, कारण मसुदा करणाऱ्याला प्रकरण कळलेले असावे असे त्यांचे मत होते, आणि ते योग्य आहे.

"डबा उतारावर उभा केलाय. एंजिन काढून नेलंय. तो उभा दिसतो, पण आपणहून उभा नसतो. चाकाखाली लाकडी पाचर असते म्हणून उभा असतो. मी काय केलं, डबा आणला हवा तिथं, आणि पाचर काढून सत्काराला गेलो."

डॉक्टरांनी त्यांना बाकीचे सांगितले होते. उपाशी राहून घटवलेले शरीर कमी खर्चात चालायला शिकते आणि जास्त मागू लागते. ही मागणी महिन्या-दोन महिन्यांत थांबत नाही. फार लांबते, कदाचित कधीच पुरती जात नाही. म्हणून उतरवण्याचा आहार एक आणि नंतरचा दुसरा, ही कल्पनाच मुळात चूक. जे खाऊन उतरवाल तेच पुढे खात राहता आले पाहिजे. साहेबांनी यातून आपल्यापुरते सूत्र काढले होते: जो उपास जन्मभर करता येणार नाही, तो चार महिने तरी कशाला करायचा? दुधीला त्यांनी त्याच दिवशी घटस्फोट दिला.

मी मसुदा केला. माझ्या हयातीतल्या चांगल्या मसुद्यांपैकी तो एक आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग इथे देतो:

"सर्व सभासद बंधुभगिनींस सविनय कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार आपल्या घरी येतील, बसतील व बोलतील, परंतु त्यांनी स्वतः मागितल्यावाचून त्यांच्या पानात काहीही वाढण्यात येऊ नये. 'एकाने काय होते', 'आज चालते' आणि 'माझी शपथ आहे' ही कारणे विचारात घेतली जाणार नाहीत. पत्नीचे प्राण या विनंतीच्या पालनावर अवलंबून असल्याने आपण सहकार्य कराल अशी आशा आहे."

प्रतिसाद त्वरित आला. सुभेदारांनी निरोप पाठवला: आदेश मिळाला, पालन होईल, फक्त मटणाबद्दल खुलासा व्हावा. एका बँकेतल्या गृहस्थांनी विचारले की प्रसाद यात येतो का, आणि येत असल्यास देवाची परवानगी घेतली आहे का. दोन घरांनी बोलावणेच बंद केले. खाणार नसेल तर माणसाला बोलावून करायचे काय, हा त्यांना पडलेला प्रश्न प्रामाणिक होता.

देवधरकाकूंनी निरोप पाठवला नाही. त्या टॅक्सी करून डमडमहून थेट माझ्या टेबलापाशी आल्या. हातात नोटीस आणि काखेत पिशवी.

"सबनीस, हे तुम्ही लिहिलंत?"

मी म्हणालो, मसुदा माझा आहे, मजकूर पक्षकाराचा.

"आम्ही काय विष घालत होतो का हो त्यांना?"

"तसं कुठंही म्हटलेलं नाही, काकू."

"पत्नीचे प्राण अवलंबून, असं लिहिलंय. म्हणजे काय झालं? माझ्या पोळीनं रेखाचा जीव जाणार, असंच ना?"

याला कायद्याच्या भाषेत उत्तर होते, पण मी ते दिले नाही. काकूंच्या डोळ्यांत पाणी होते आणि टॅक्सीचे मीटर चालू होते. त्या म्हणाल्या, चला माझ्याबरोबर. मी कागदपत्रांवर दगड ठेवून त्यांच्याबरोबर सरोद्यांच्या क्वार्टर्सवर गेलो; साक्षीदार म्हणून नव्हे, तर काकूंच्या पुढे एकट्याने जाण्याची पाळी साहेबांवर येऊ नये म्हणून.

साहेब कामावर होते. रेखावहिनी आदल्या दिवशी डायलिसिस करून आलेल्या, पलंगावर उशीला टेकून बसलेल्या. काकूंनी पिशवीतून डबा काढला. बेसनाचे लाडू. येताना डबा आणल्यावाचून त्यांना भांडताही येत नसे. मग त्यांनी आपले म्हणणे मांडले: तीस वर्षे या गावात प्रत्येक मराठी माणसाला आपले घर वाटावे म्हणून राबले, माहेरापासून लांब आलेल्या मुलींची डोहाळजेवणे केली, कोणी आजारी पडले की पेज नेली, आणि आज माझ्या हाताला नोटीस. वहिनींनी ते सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या,

"काकू, मला दिवसाला दोन भांडी पाणी. घसा कोरडा पडला तर बर्फाचा खडा चघळते. इतक्या वेळा तुमच्याकडे आले, तुम्ही कधी म्हणालात, घे गं अजून एक भांडं, एकानं काय होतं?"

काकू म्हणाल्या, "भलतंच काय. तुला ते वर्ज्य आहे."

"माझं नाही तुम्हाला पटतं. मग यांचं का पटत नाही?"

काकूंनी डब्याचे झाकण लावले आणि डबा माझ्या हातात दिला. मी त्यांना वीस वर्षे ओळखतो; तो प्रसंग मला नवा होता.  नोटिशीचे पालन त्या दिवसापासून झाले, असे मी प्रमाणित करू शकतो.

दुसऱ्या खेपेचा आहार पाहायला आला असता तर तुमची निराशा झाली असती. त्यात काहीच नव्हते. भुसावळकडून येणाऱ्या सहकाऱ्यांकडून मागवलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी, ती एक. डाळ, भाजी, दही, अंडे. खालच्या मजल्यावरच्या घोषबाबूंच्या घरून शिकलेले माशाचे पातळ कालवण, तेल बेताचे. भरीतही असे, फक्त तेलाची धार झाकणाएवढी झाली होती. उपास नाही, दुधी नाही, भाषण तर नाहीच. रात्री लवकर जेवण आणि जेवणानंतर तळ्याभोवती चालणे. वजन इतके हळू उतरे की कोणाच्या लक्षात येत नसे, आणि त्यामुळे कोणाला सत्काराची आठवण होत नसे.

घरच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. दर सोमवारी ते कामाचे निमित्त काढून पार्सल कार्यालयातल्या मोठ्या काट्यावर, माशांच्या टोपल्या उतरल्या की, स्वतः चढत. हमाल आकडा मोठ्याने ओरडत आणि पुढची टोपली चढवत. साहेबांना हा प्रकार पसंत होता. तिथे कोणी 'वा' म्हणत नसे आणि कोणी 'अरेरे' म्हणत नसे. आकडा वर गेला तर त्या आठवड्यात भाकरी अर्धी होई, सुट्टीच्या दिवसाची वाट न पाहता. "पाचर ढिली झाली की लगेच ठोकायची," ते म्हणत, "डबा घरंगळल्यावर नाही."

आकडा पुन्हा गाठायला या वेळी वर्ष लागले. मग सहा महिने सुरू झाले, आणि त्यात दुर्गापूजा आली. विजयादशमीनंतर इथे एकमेकांच्या घरी जाऊन थोरांच्या पाया पडायचे आणि गोड खायचे, अशी पद्धत आहे. बंगाली आग्रहापुढे मराठी आग्रह म्हणजे नुसती विचारपूस. खालच्या मजल्यावर घोषबाबूंच्या आई होत्या. नव्वदीच्या जवळ आलेल्या, कानाने कमी ऐकणाऱ्या आणि त्यामुळे नकार न ऐकणाऱ्या. त्यांना मराठी नोटीस कशी बजावणार? मी बंगाली मसुद्याची तयारी दाखवली. साहेब म्हणाले, गरज नाही.

मला बरोबर घेऊन ते खाली गेले आणि पाया पडले. आजींनी पुढे केलेल्या ताटातून त्यांनी नारळाचा एक लाडू उचलला आणि खाली बसून तो खायला सुरुवात केली. एक घास, आणि मोडक्या बंगालीत मोठ्याने स्तुती. नारळ कुठला, गूळ कोणाकडचा, वळायला कोणी शिकवले. आजी सांगू लागल्या. माहेरचे गाव, नदी, सासू. साहेब मधूनमधून कण तोडत होते. तो एक लाडू पंधरा-वीस मिनिटे पुरला, आणि बोलण्याच्या भरात आजी दुसरा द्यायचे विसरल्या. जिन्यावर मला म्हणाले, "लोकांना वाढायचं नसतं हो, सबनीस. त्यांना आपण केलेलं कोणी चाखलंय हे पाहायचं असतं." हे त्यांना आधीच्या केळवणांत समजले असते तर एक वर्ष वाचले असते, असे मी म्हणालो. ते म्हणाले, "तेव्हा मला खायचं होतं. खोटं कशाला बोलू."

अर्जात मागणी आधी लिहावी, तपशील मागाहून, असा माझ्या व्यवसायाचा नियम आहे. म्हणून सांगून टाकतो की शस्त्रक्रिया झाली आणि यशस्वी झाली. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा काट्यावर उभे केले, आकडा पाहिला, मागील सहा महिन्यांचे आकडे पाहिले आणि त्या कमी बोलणाऱ्या माणसाने हात पुढे करून साहेबांचा हात हातात घेतला. रेखावहिनींच्या चेहऱ्यावर काही महिन्यांनी रंग आला. त्या बाजारात जाऊ लागल्या. एकदा माझ्या टेबलासमोरून पुढे गेल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या आणि साहेब मागून रिकाम्या हाताने येत होते. शस्त्रक्रियेनंतर ओझे उचलायचे नाही, ही डॉक्टरांची सूचना ते मुदत संपून गेल्यावरही काटेकोरपणे पाळत होते.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली, भुसावळलाच. देवधरकाकूंनी जेवायला बोलावले. केळवण म्हणाल्या नाहीत, निरोपसमारंभही म्हणाल्या नाहीत. नुसते "जेवायला या" म्हणाल्या. बोलावणे दोघांना आणि मला होते. सुभेदार गावी गेले होते.

काकूंनी वरण-भात, एक पालेभाजी, कोशिंबीर आणि पोळी केली होती. श्रीखंडही होते, कारण ते नसते तर काकू आजारी पडल्या असत्या. साहेबांनी वाटीत चमचाभर मागून घेतले, ते सावकाश खाल्ले, चक्क्याबद्दल दोन प्रश्न विचारले. रेखावहिनी आता सगळे जेवत होत्या आणि बोलत होत्या. भुसावळच्या घराला रंग कोणता द्यायचा यावर त्यांचे आणि काकूंचे एकमत होत नव्हते. मूत्रपिंड दिले होते, घेतले होते, अट कोणाची राहिली नव्हती. सहा महिने कधीच संपले होते. आता काट्याकडे कोणी पाहणार नव्हते.

हे काकूंच्याही मनात आले असावे. त्या श्रीखंडाचे पातेले आणि डाव घेऊन उठल्या आणि सवयीने साहेबांच्या पानाकडे वळल्या. डाव भरलेला होता. साहेबांनी वर पाहिले, पानावर हात आडवा धरला नाही, 'नको' म्हणाले नाहीत. वहिनींचे रंगाबद्दलचे वाक्य अर्धवट राहिले. काकूंचा हात हवेत तसाच थांबला, आणि मग तो डाव पुढे येऊन माझ्या वाटीत रिकामा झाला. त्यानंतरचाही झाला. इतक्या वर्षांचा आग्रह कुठेतरी जायला हवाच होता. मी ना म्हटले नाही. मला कोणाला काही द्यायचे नव्हते.

मी खात असताना साहेब माझ्या वाटीकडे पाहत होते. गडियाहाटच्या दुकानासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाची नजर मी कधी पाहिली नव्हती, पण ती हीच असणार. तिच्यात राग नव्हता आणि विजयही नव्हता. भूक होती, पूर्वीएवढीच. मग ते हळू आवाजात, बायकांना ऐकू जाणार नाही असे म्हणाले,

"कसं झालंय?"

मी म्हणालो, "चांगलं झालंय."

"असणारच," ते म्हणाले.

त्यांचे जेवण केव्हाच आटोपले होते. पण पंगतीतल्या एकाचे चालू असताना दुसऱ्याने उठू नये, हा रिवाज ते पाळणारे. काकूंनी मला तिसऱ्यांदा वाढले, तरी ते उठले नाहीत. उजव्या हाताची खरकटी बोटे वाळून पांढरी पडली होती, ती रिकाम्या ताटाच्या कडेवर टेकवून ते माझे संपण्याची वाट पाहत बसून राहिले.